लातूर साइडचा मुलगा

पुण्यात रूम शोधायला निघालं की तीन प्रश्न ठरलेले असतात. जॉब कुठे? नॉनव्हेज खाता का? गाव कुठलं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला पाठ होती. तिसऱ्याचं उत्तर मी जानेवारी २०२५ मध्ये बदललं.

वारज्यातलं जुनं बैठं घर होतं. वर नंतर बांधलेल्या दोन खोल्या, बाहेरून लोखंडी जिना. खाली काकू एकट्या राहायच्या. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "गाव कुठलं रे तुझं?"

"अंबाजोगाई."

"हे कुठे आलं?"

"लातूरच्या जवळ. लातूर साइडला."

यात खोटं काही नव्हतं. अंबाजोगाईहून बीडपेक्षा लातूरच जवळ पडतं. आमच्याकडची पोरं क्लासला लातूरला जातात, लग्नाचा बस्ता बांधायलाही लोक लातूरला जातात. गाडीचा नंबरसुद्धा माझ्या बाजूनं होता. बीडच्या गाड्या एमएच २३, अंबाजोगाईच्या एमएच ४४. २३ नंबर आता बऱ्याच जणांना ओळखता येतो, ४४ कुठला ते पटकन कुणाला सांगता येत नाही. मी फक्त एक गोष्ट बोललो नाही. अंबाजोगाई हा बीड जिल्ह्यातला तालुका आहे.

का बोललो नाही, हे बहुतेकांच्या लक्षात आलं असेल. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण झालं आणि त्यांना हाल हाल करून मारलं गेलं. त्यानंतर कित्येक महिने टीव्हीवर बीड, मोबाइलवर बीड. खंडणी, वाळू, राख, पिस्तुलं. 'बीडचा बिहार झाला' हे वाक्य तर इतक्या वेळा ऐकलं की, त्यात आपण बिहारच्याही माणसांना शिवी देतोय हे कुणाच्या लक्षातच येईना.

मला रूम मिळाली. काकूंशी जमलंही. त्यांचा गॅस संपला की सिलिंडर मी बदलायचो, रविवारी त्या वर पोहे पाठवायच्या. मी त्यांच्यासाठी 'लातूर साइडचा मुलगा' झालो.

जून महिन्यात शेजारची खोली रिकामी झाली. एका शनिवारी मी दूध घेऊन येत होतो, तर फाटकापाशी एक पोरगा उभा. पाठीवर सॅक, हातात मोबाइल, लोकेशन बघत होता. "दादा, इथंच रूम खाली हाय का?" त्याच्या बोलण्यावरून मला कळलंच. त्यालाही माझ्या 'हो, इथंच' वरून थोडा अंदाज आला असावा. त्यानं विचारलं, "दादा, तुम्ही कुठले?"

मी म्हणालो, "लातूर."

जानेवारीत मी अर्धं सांगितलं होतं. जूनमध्ये सरळ खोटं बोललो, तेही आपल्याच जिल्ह्याच्या पोराशी. तो हसून म्हणाला, "मग आपल्याच साइडचे की. मी आष्टीचा." आणि आत गेला. दहा मिनिटांत बाहेर आला, मला हात केला, निघून गेला.

संध्याकाळी काकू म्हणाल्या, "नाही म्हटलं त्याला. बीडचा होता. चेहऱ्यावरून काही वाईट नव्हता, पण आजकाल काय सांगावं? तुम्ही लातूरचे बरे बघ. तुझं आजवर कधी काही ऐकावं लागलं नाही."

मी म्हणालो, "हो."

हे 'हो' मला त्यानंतर बरेच दिवस सोसलं नाही.

*

ऑगस्टमध्ये ऑफिसची ट्रिप वेरूळला गेली. सोळा नंबरच्या लेण्यात, कैलासाच्या अंगणात, एक परदेशी जोडपं फिरत होतं. पुरुषाच्या सॅकवर लाल पान शिवलेलं होतं. आमच्या गाइडनं लांबूनच सांगितलं, "कॅनडावाले. शांत लोक. अमेरिकेवाले असते तर आवाज इथपर्यंत आला असता." मग त्यानं धंद्यातली युक्ती सांगितली. परदेशी माणूस इंग्रजी बोलला की आधी 'कॅनडाचे का?' विचारायचं. कॅनडाचा असला तर खूश होतो. अमेरिकेचा असला तरी रागावत नाही. उलटं विचारलं आणि तो कॅनडाचा निघाला, तर मात्र त्याचं तोंड पडतं.

सगळे हसले. माझ्या मनात आलं, आम्हालाही कुणी आधी 'लातूरचे का?' असं विचारलं तर किती बरं होईल.

आमच्या टीममधला एक जण टोरांटोला दोन वर्षं राहून आलेला. परतीच्या बसमध्ये त्यानं पानाची गोष्ट सांगितली. कॅनडाला हा लाल पानाचा झेंडा १५ फेब्रुवारी १९६५ ला मिळाला. पुढे तिकडची तरुण मुलं जग फिरायला निघाली की सॅकवर तो शिवू लागली. कारण दिसायला, बोलायला ती अमेरिकनांसारखीच. बाहेरच्या माणसाला फरक कळत नाही. आणि अमेरिकन पर्यटकाचं नाव खराब: मोठ्यानं बोलतो, सगळीकडं आपल्या घरच्यासारखंच मिळावं म्हणतो, पैसा दाखवतो. कॅनडावाला म्हणजे नम्र, उठता-बसता सॉरी म्हणणारा. ओंटारिओ प्रांतात तर २००९ चा एक कायदाच आहे: कुणी माफी मागितली म्हणून तेवढ्यावरून कोर्टात त्याची चूक धरायची नाही.

गंमत यापुढची. काही अमेरिकन लोकही परदेशात जाताना आपल्या सॅकवर कॅनडाचं पान शिवतात. व्हिएतनामच्या युद्धापासूनचे असे किस्से आहेत. २००३ मध्ये इराकचं युद्ध झालं तेव्हा पुन्हा हे बोललं गेलं, २०२५ मध्येही बोललं गेलं. या प्रकाराला 'फ्लॅग-जॅकिंग' असं नावही आहे. दुसऱ्याचा झेंडा पळवणं.

बस घाटात होती. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. माझ्या सॅकवर लातूरचं पान शिवलेलं होतं.

*

यात वाईट काय आहे? मी स्वतःला बरेच दिवस हेच विचारत होतो. कुणाचं नुकसान केलं मी? एका अन्यायी प्रश्नाला वळसा घातला, इतकंच. भाडं वेळेवर देतो, भिंतीला खिळा ठोकत नाही, रात्री दहानंतर आवाज करत नाही. यात बीड कुठे आलं आणि लातूर कुठे आलं?

पण हिशेब मांडला की घोटाळा दिसतो. आमच्या गल्लीत किराणा दुकान होतं. दुकानदाराची उधारीची वही असायची, प्रत्येकाच्या नावाचं पान. एकदा त्याच्या पोरानं आमच्या घरानं भरलेले पैसे दुसऱ्याच घराच्या पानावर लिहिले. आमच्या पानावर नुसती उधारी वाढत गेली आणि पैसे भरूनही आम्ही बुडवे ठरलो. माझंही तसंच झालं. वारज्यात सहा महिने मी जे काही बरं वागलो, ते सगळं लातूरच्या पानावर जमा झालं. बीडच्या पानावर जमा होण्यासारखं जे होतं ते मीच दुसरीकडं नेलं. तिथं उरल्या फक्त टीव्हीवरच्या बातम्या. मग जूनमध्ये आष्टीचा पोरगा आला तेव्हा काकूंनी दोन्ही पानं उघडून पाहिली. एका पानावर मी, दुसऱ्या पानावर खून. त्यांनी जो निर्णय घेतला, त्याचा पुरावा मीच पुरवला होता.

आणि हे मी एकटा करत नाही. आष्टीचे लोक 'नगरजवळ, जामखेडच्या अलीकडे' सांगतात. केजचे 'कळंब साइड' म्हणतात. माजलगावचे परभणीचं नाव घेतात. गेवराईचे गोदावरी ओलांडून जालना नाहीतर संभाजीनगर गाठतात. जिल्हा चारी बाजूंनी कुरतडला जातोय. मधोमध बीड शहरातला माणूस उरतो, त्याला जायला शेजारच नाही. त्याच्या गावाचं नाव आणि जिल्ह्याचं नाव एकच.

'अग्ली अमेरिकन' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. परदेशात उर्मट वागणाऱ्या अमेरिकनाला तसं म्हणतात. हे मुळात १९५८ सालच्या एका कादंबरीचं नाव, लेडरर आणि बर्डिक या दोन लेखकांची. मला वाटायचं, त्यातला 'अग्ली' माणूस म्हणजे खलनायक असणार. पण तो आहे होमर ॲटकिन्स नावाचा इंजिनिअर. दिसायला कुरूप, हात तेलानं माखलेले. तो आशियातल्या एका खेड्यात लोकांबरोबर राहतो आणि डोंगरउतारावरच्या शेताला पाणी चढवायला सायकलच्या मदतीनं पंप बनवतो. उर्मट आहेत ते दुसरे, राजधानीत बसलेले साहेब लोक. म्हणजे नाव पुस्तकातल्या भल्या माणसाचं आणि ते चिकटलं वाईट वागणाऱ्यांना.

हे वाचलं तेव्हा मला मस्साजोग आठवलं. संतोष देशमुख कुठले होते? बीडचेच की. पवनचक्की कंपनीच्या साइटवर वाद झाला, गावातल्या वॉचमनला मारहाण झाली, तेव्हा सरपंच म्हणून मध्ये पडणारा माणूस बीडचा होता. २८ डिसेंबरला बीड शहरात मोर्चा निघाला, त्यात चालणारे हजारो लोकही बीडचेच. पण 'बीडचा माणूस' म्हटलं की पुण्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर कोण येतं? ज्याला मारलं तो येत नाही, मारणारे येतात. शिक्का असाच चालतो. तो जिल्ह्याचं नाव गुन्हेगाराला देतो आणि ज्याचा जीव गेला त्याच्याकडून काढून घेतो.

*

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग तू छाती ठोकून 'मी बीडचा' म्हणत फिर आणि चांगलं वागून दाखव. जिल्ह्याचं नाव काढ.

हा सल्ला ऐकायला बरा आहे, पण मला तो पटत नाही. चांगलं वागणं मला मान्य आहे, जिल्ह्याच्या वतीनं वागणं मान्य नाही. एखाद्या दिवशी मी चिडलो, पार्किंगवरून कुणाशी भांडलो, तर ते माझं भांडण असलं पाहिजे. अकरा तालुक्यांचं नव्हे. सॅकवर पान शिवलेल्या कॅनडाच्या मुलीलाही कधीतरी हॉटेलच्या बिलावरून आवाज चढवायचा हक्क असेलच की नाही?

पुणेकरांना हा हक्क आहे. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरमध्ये भरधाव महागड्या गाडीनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. देशभर गाजलं. म्हणून बंगळुरूत कुणी पुण्याच्या पोराला 'तुमच्याकडची पोरं माणसं चिरडतात' म्हणून रूम नाकारली, असं माझ्या तरी ऐकण्यात नाही. पुण्यातला गुन्हा त्या माणसाचा राहतो. बीडमधला गुन्हा बीडचा होतो.

चांगल्या शिक्क्याचं तरी भलं असतं का? सॉरी म्हणणाऱ्या कॅनडानं तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडली. २०१५ मध्ये त्यांच्याच आयोगानं त्याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. नम्र देश ही ओळख खोटी आहे असं नाही. पण त्या ओळखीखाली बरंच काही झाकलं जातं. वाईट शिक्का माणसातलं भलं दिसू देत नाही, चांगला शिक्का त्याचं वाईट दिसू देत नाही. समोरचा माणूस दोन्हीकडं हुकतो.

आणि बीडमध्ये काही बिघडलेलंच नाही, असंही मी म्हणणार नाही. शस्त्रपरवान्यांची संख्या पाहून लोक चक्रावले, त्यातले बरेच रद्द करावे लागले. जातीचं तर विचारूच नका. २०२५ मध्ये बीडच्या पोलिसांनी टेबलावरच्या आणि छातीवरच्या पाट्यांवरून आडनावं काढली, नुसतं नाव ठेवलं. आडनाव वाचून साहेब आपला की परका हे लोक ठरवत होते, म्हणून.

या पाट्यांवर मी बराच विचार केला. तीही लपवाछपवीच आहे ना? मग ती मला योग्य का वाटते आणि माझी का नाही? फरक इतकाच की तिथं सगळ्यांनी एकदम आडनाव काढलं, त्यामुळं कुणी मागे अडकून पडलं नाही. मी एकट्यानं पाटी बदलली, तीही दुसऱ्याची लावली. ज्याला बदलता आली नाही तो दारातून परत गेला.

*

ज्यांना पाटी बदलताच येत नाही अशी माणसं माझ्या घरातच आहेत. माझे चुलता-चुलती पंधरा वर्षं ऊसतोडीला जात होते. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घ्यायची, टोळीबरोबर सांगली-कोल्हापूरकडं निघायचं, फडाजवळ कोपी करायची, उन्हाळा लागता परत यायचं. आमच्याकडं 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मोजताना माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. पुण्यात आलो तेव्हा पेपरात 'कोयता गँग' वाचून मी दचकलो होतो. आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ चुलत्याच्या हाताला पडलेले घट्टे असा होता.

चुलती सांगते, आजूबाजूच्या वस्तीवरची मोटार नाहीतर केबल चोरीला गेली की रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं पहिल्यांदा कोप्यांकडं यायची. भांडी उलटीपालटी करून बघायची. काही सापडायचं नाही. मग जाताना कुणीतरी म्हणायचं, "ह्या बीडवाल्यांचं काय खरं नाय."

मी विचारलं, "मग तू काय म्हणायचीस?"

"काय म्हणणार? आपुन बीडचेच की."

तिला 'लातूर साइड' म्हणता आलं नसतं. तिची गाडी, बैलं, कोपी, बोलणं, सगळंच सांगत होतं. खोटा झेंडा शिवायलासुद्धा आधी सॅक लागते. माझ्याकडं डिग्री आहे, कंपनीचं आयकार्ड आहे, थोडी बदललेली भाषा आहे. म्हणून मला निसटता आलं. शिक्क्यातून आधी निसटतात ते ज्यांची परिस्थिती थोडी बरी आहे ते. मग तो शिक्का ज्यांच्याकडं काहीच नाही त्यांच्यावर आणखी घट्ट बसतो.

*

दिवाळीत गावाहून येताना आईनं काकूंसाठी फराळ दिला. डबा देताना मी सांगून टाकलं. "काकू, अंबाजोगाई बीड जिल्ह्यात येतं. मी बीडचा आहे."

त्यांनी डबा खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "हो का? पण तू तसा वाटत नाहीस हं."

हे त्या प्रेमानं म्हणाल्या. आणि तेव्हा मला कळलं की मला उशीर झालाय. मी बीडच्या पानावर जमा झालोच नाही. मला अपवाद म्हणून बाजूला काढून ठेवलं गेलं. शिक्क्याला अशी एक-दोन भली माणसं पचवता येतात. 'तू अमेरिकन वाटत नाहीस' हे वाक्यही जगात कुठेतरी रोज कुणीतरी कौतुकानं म्हणत असेल.

मी म्हणालो, "काकू, जूनमध्ये आला होता तो मुलगाही तुम्हाला वाईट वाटला नव्हता. तुम्हीच म्हणाला होतात."

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी एकटी राहते रे. मला भीती वाटते. कुणाला विचारणार होते मी त्याच्याबद्दल?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण उत्तर मीच होतो. अनोळखी माणूस दारात उभा आहे, त्याच्याबद्दल काहीच माहीत नाही, म्हणून त्या गावाचं नाव विचारत होत्या. वरच्या खोलीत असा एक माणूस होता ज्याला ते गाव माहीत होतं. तो सांगू शकला असता, 'मीही तिकडचाच आहे, थांबा, मी याच्याशी बोलतो, याच्या घरी फोन लावतो.' दहा मिनिटांचं काम होतं. त्यानं तेव्हा 'लातूर' म्हटलं.

आता मला वाटतं, जिल्ह्याची अब्रू राखायची जबाबदारी माझी नाही. ती कुणा एकाला पेलणारही नाही. माझी जबाबदारी त्यापेक्षा बरीच लहान होती. एका शनिवारी, एका फाटकापाशी, एका पोरासाठी मी ओळखीचा माणूस व्हायचं होतं. शिक्का पुसायचं दुसरं काही साधन मला तरी दिसत नाही. बीडचे लोक कसे असतात, हा प्रश्नच सोडून द्यायचा आणि हा समोरचा कोण आहे, ते सांगायला कुणीतरी पुढं यायचं.

आता कुणी गाव विचारलं तर मी बीड सांगतो. सांगितल्यावर दोन सेकंद समोरचा काही बोलत नाही. त्या दोन सेकंदांची सवय व्हायला लागली आहे.

तो आष्टीचा पोरगा कुठे राहतो ते मला ठाऊक नाही. मी त्याचं नावही विचारलं नव्हतं. पुण्यातच कुठेतरी असेल. रूम मिळालीच असेल त्याला. बहुतेक 'जामखेड साइडचा मुलगा' म्हणून.